हातभर

"धुरावर दाब, टिकटिके. आवाजाची वाट बघायची नाही. आवाज सगळ्यांना ऐकू येतो म्हणून खरा वाटतो, पण तो इथवर पोचेपर्यंत पोरं जागेवरून उठलेली असतात."

वडील, म्हणजे नाना, हे इतक्या वेळा बोलले होते की आत्याला त्यातला श्वासन् श्वास पाठ होता. कुठे खाकरायचे, 'पोरं' म्हणताना उजव्या हाताचा अंगठा हवेत कसा दाबायचे, सगळं. नानांना जाऊन सहा वर्षं झाली होती. पण आज रविवारी दुपारी, दादांच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या कडेला बसून कार्यक्रम सुरू व्हायची वाट बघताना तो आवाज इतका जवळून आला की ती सावरून बसली. मांडीवरची पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली. गुरुवारपासून ती पिशवी तिने नजरेआड केली नव्हती.

समारंभ गुरुवारीच झाला होता. दादा त्या झगमगत्या मंचावर चढले, आयुष्यभराच्या कामगिरीचा पुरस्कार घेऊन उतरले आणि शुक्रवारी घरी आले. टीव्हीवर तो आज दाखवणार होते. म्हणून वहिनींनी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. सगळे म्हणजे आता उरलं होतं तरी कोण? दादा आणि वहिनी, दादांची बहीण आत्या, तिच्या पाठचा धाकटा भाऊ, आणि मैदान जवळ पडतं म्हणून आजीआजोबांकडेच राहणारी नात. नात एकोणीस वर्षांची होती. अडथळ्यांची शर्यत पळायची, आणि बोलतानाही मध्ये काही आलं तर उडी मारूनच पुढे जायची.

पुरस्कार टीव्हीच्या शेजारी ठेवला होता. पळणारा धातूचा माणूस, हात लांब, पाय लांब, चेहरा मात्र गुळगुळीत. धाकट्याने आल्याआल्या तो उचलून वजन जोखलं. आयुष्यभर पोरींना वजनं उचलायला शिकवणारा माणूस, त्याला दुसरं काही सुचत नाही.

"सव्वा किलो," तो म्हणाला. "आणि तोंड नाही ठेवलं, हे बरं केलंय. कुणालाही देता येतो."

दादा हसले नाहीत. वहिनींनी पुरस्कार त्याच्या हातातून घेतला, खालच्या रुमालाची घडी नीट केली आणि पुन्हा जागेवर ठेवला.

कार्यक्रम सुरू झाला, आणि पहिल्या अर्ध्या तासातच धाकट्याचं बिनसलं. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या यादीत त्याची एक मुलगी होती. पत्र्याच्या शेडमध्ये शिकलेली, हमालाची मुलगी. तिने वर्षभरात तीन स्पर्धा जिंकल्या होत्या. निकाल गुरुवारीच लागला होता, पेपरातही आला होता, तरी धाकटा पडद्याकडे असा बघत होता की जणू अजून काही बदलेल. पुरस्कार मिळाला टेनिसवाल्याला. गुडघ्याला पट्टा बांधून तो मंचावर आला. अर्धं वर्ष तो खेळलाच नव्हता.

"लोकांनी मतं दिली," दादा म्हणाले. "निम्मे गुण समितीचे, निम्मे फोनवरच्या मतांचे. नियमच आहे तसा."

"लोकांनी टूथपेस्टला मतं दिली," धाकटा म्हणाला. "रोज सकाळी जाहिरातीत त्याचे दात दिसतात सगळ्यांना. माझ्या मुलीचे दात वजन उचलताना दिसतात, तेव्हा लोक चॅनल बदलतात."

वहिनी मग शांतपणे म्हणाल्या की अर्ज करावा लागतो. सोळा पानं असतात, कात्रणं जोडावी लागतात, प्रत्येक पानावर सही लागते. एका कचेरीत तेहतीस वर्षं काढलेल्या बाईचा तो आवाज होता. "भाऊजी, तुम्ही तिच्यासाठी काय जोडलं होतं? समितीला स्वप्न पडतं असं वाटतं का तुम्हाला?"

धाकट्याने काहीच जोडलं नव्हतं. संघटनेने नुसतं नाव पाठवलं होतं. अडचणीत आला की तो करायचा तेच त्याने केलं. आत्याकडे वळला. "ताई, तू सांग. तिला मिळायला हवा होता की नाही?"

सगळे थांबले. नातीने मजेत बोटं वर केली, एक, दोन, तीन. आत्याचा हा नेम घरात सगळ्यांच्या चेष्टेचा होता. कशालाही हो किंवा नाही म्हणायच्या आधी ती मनात तीन अंक मोजायची. साखर हवी का विचारलं तरी मोजायची. रोज पहाटे प्रार्थना, आठवड्यातून एक दिवस उपास, आणि हे तीन अंक. कुणाला वाटायचं कुठल्यातरी प्रवचनात ऐकून आली असेल. खरं कारण एकट्या नानांना माहीत होतं.

"हवा होता," आत्या म्हणाली.

"झालं," वहिनी म्हणाल्या. "आमचं सोडून सगळ्यांना मिळायला हवं."

वहिनी उठून चहा ठेवायला गेल्या. आत्याला ते लागलं, पण फार नाही. वहिनींच्या आणि तिच्यामध्ये पंचेचाळीस वर्षं असं काही ना काही ठेवलेलंच असायचं, दोन खुर्च्यांमधल्या स्टुलासारखं. तिचं लक्ष दुसरीकडे होतं. गुरुवारी पुरस्काराची बातमी आली तेव्हा तिने फोनवर दादांना इतकंच विचारलं होतं, कशासाठी मिळाला रे? दादा म्हणाले, अगं, आयुष्यभराचं असतं ते. म्हणजे शिकवण्याचं, तिने स्वतःशी ठरवलं. दादांनी चाळीस वर्षांत कितीतरी पोरांना पळायला शिकवलं होतं. त्याबद्दल कुणी मान दिला तर देवाचीही हरकत नसेल. चार दिवस ती याच एका वाक्याला धरून होती, आणि तरीही नानांचं घड्याळ पिशवीत घालून हिंडत होती.

"आजी, लवकर ये, आजोबा आले," नात ओरडली.

पडद्यावर आधी दादांचे केस आले, मग दादा. निवेदिका मानपत्र वाचू लागली. पहिल्याच ओळीत ते होतं. शंभर मीटर, दहा पूर्णांक पाच सेकंद. हातघड्याळांच्या काळातला राष्ट्रीय विक्रम, एक्केचाळीस वर्षं अबाधित.

"अबाधित राहणारच," धाकटा पुटपुटला. "हातघड्याळंच बंद झाली. मोडणार कोण?"

आत्याने ते ऐकलं नाही. पडद्यावर एक जुना फोटो आला होता. हाच फोटो या खोलीत तिच्या डोक्यावरच्या भिंतीला होता, पण इथे चौकटीच्या आतल्या जाड पुठ्ठ्याने एक बाजू झाकली होती. इथे नुसते दादा होते, छाती फितीला लागलेली, डोळे मिटलेले, आणि उजव्या कडेला कुणाचा तरी कोपर. पडद्यावर वर्तमानपत्राच्या कपाटातून काढलेला अख्खा फोटो होता. कोपराला दंड होता, दंडाला खांदा होता, आणि खांद्यावर एका उंच, हडकुळ्या मुलाचं तोंड होतं. त्याची छाती फितीपासून हातभर मागे होती.

"अय्या," नात म्हणाली, "हे तर हातभरकाका. आमच्या अडथळ्यांच्या फळ्या करून देतात ते सुतार. आजोबा, ते तुमच्याबरोबर पळायचे? तुम्ही कधी बोलला नाहीत."

दादा म्हणाले, तेव्हा खूप जण पळायचे.

"पण त्यांना हातभर का म्हणतात? मला वाटायचं लाकूड हाताने मोजतात म्हणून."

या प्रश्नाचं उत्तर धाकट्याने दिलं, कारण ते नाव त्यानेच ठेवलं होतं. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. शर्यत संपल्यावर तो सुतार प्रत्येकाला हात लांब करून दाखवत होता, मी एवढाच मागे होतो, हातभर, हातभरच. त्याचा स्वतःचा विक्रम दहा पूर्णांक सहाचा होता, तो त्या दिवशी गेला. तर हा बारा वर्षांचा कारटा त्याच्या मागेमागे तसाच हात लांब करून नाचत निघाला, हातभर, हातभर. सगळं मैदान हसलं. नाव चिकटलं ते चिकटलंच.

"लहान होतो," धाकटा म्हणाला. पण सांगताना त्याला अजून हसू येत होतं.

पडद्यावर आता निकालपत्र दाखवत होते. पिवळं पडलेलं, आणि त्यावर नानांचं अक्षर. आकडे छापल्यासारखे. पहिला, दहा पूर्णांक पाच. दुसरा, दहा पूर्णांक नऊ. आत्याला नानांचा अंगठा आठवला, शाईचा डाग पडलेला. निकालपत्र गेलं, दादा मंचाच्या पायऱ्या चढू लागले. वहिनींनी डोळ्यांना रुमाल लावला.

नातीने रिमोट घेऊन चित्र मागे नेलं. निकालपत्रावर थांबवलं, मग आणखी मागे, फोटोवर. पुन्हा निकालपत्र. वहिनी म्हणाल्या, अगं काय करतेस, पुढे जाऊ दे.

"थांब ना आजी. आजोबा, दहा सेकंदांत शंभर मीटर म्हणजे एका सेकंदाला जवळजवळ दहा. चार दशांश म्हणजे चार मीटर. चार मीटर मागे असता तर ते फोटोत आलेच नसते. हे तर खरंच हातभर आहे."

ती चुकीचं शोधत नव्हती. तिला रोज संध्याकाळी असंच मोजायला दादांनीच शिकवलं होतं. चहा वर आल्याचा आवाज स्वयंपाकघरातून आला आणि तो गॅसवर सांडेपर्यंत कुणी उठलं नाही.

"दुसऱ्याचं घड्याळ चुकलं असेल," धाकटा म्हणाला.

"मग पहिल्याचं कशावरून चुकलं नसेल?" नात म्हणाली, आणि वळली. "आत्याआजी, तू होतीस ना नानांबरोबर, वेळ घेणाऱ्यांच्या त्या शिडीवर? पहिल्याच्या घड्याळावर? तू धुरावर दाबलं होतंस?"

धुरावर. नेमका तोच शब्द, एक्केचाळीस वर्षांनी.

शर्यतीच्या शेवटच्या रेषेजवळ पायऱ्यांची एक लाकडी शिडी असायची. वेळ घेणारे तिच्यावर एकावर एक बसायचे. पहिल्या नंबरावर तीन घड्याळं लागायची. सर्वांत वर नाना, मध्ये आत्या, खाली पोस्टमास्तर. शंभर मीटरवर, पलीकडच्या टोकाला, पिस्तूल सुटायचं. धूर नीट दिसावा म्हणून त्याच्या मागे काळी फळी उभी करायचे. आवाजाला इथवर यायला तीन दशांश सेकंद लागतात, म्हणून आवाजावर दाबलं की घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं आणि वेळ तेवढी कमी भरते. पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, ते कायम आवाजावर दाबायचे, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. पण नियम असा की तीनपैकी दोन घड्याळं जुळली की तीच वेळ. नाना आणि आत्या कायम जुळायचे. पोस्टमास्तर एकटे पडायचे, त्यांच्या मानाला धक्का न लावता.

त्या दिवशी दादांना तीन दिवसांचा ताप होता. आत्या काळ्या फळीकडे बघतच नव्हती. ती दादांकडे बघत होती, ते खाली वाकताना डोलत होते का ते बघत होती. देवाचं नाव घेत होती. आवाज आला तेव्हा तिने दाबलं.

नानांचं घड्याळ, दहा पूर्णांक आठ. तिचं, दहा पूर्णांक पाच. पोस्टमास्तरांचं, दहा पूर्णांक पाच. नानांनी तिच्या घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि एकच शब्द विचारला, "धुरावर?" तेवढ्यात पोस्टमास्तरांनी आकडा खालच्या माणसाला सांगून टाकला होता. भोंग्यावरून तो सगळ्या मैदानाला कळला होता. दादांना पोरांनी खांद्यावर घेतलं होतं, तापलेल्या अंगाने ते हसत होते. आत्या एकोणीस वर्षांची होती.

"हो," ती म्हणाली होती. न मोजता.

नातीची बोटं आता वर नव्हती. आत्याने मोजलं. एक. दोन. तीन.

"नाही."

पडद्यावर निकालपत्र तसंच थांबलेलं होतं. वहिनी उठल्या, गॅस बंद करून आल्या आणि नातीला म्हणाल्या, तू आत जा. नात गेली नाही. दादांनी "जा" म्हटलं तेव्हा गेली, आणि जाताना आतलं दार उघडंच ठेवलं.

आत्याला वाटलं होतं धाकटा तिच्या बाजूने बोलेल. पुरस्कार कसे मिळतात यावर तो गेली वीस वर्षं बोलत आला होता, आणि ऐकणारी तीच होती. पण धाकटा उठून उभा राहिला होता.

"ताई, तुझं वय झालंय," तो म्हणाला. "एक्केचाळीस वर्षांपूर्वी अंगठा कधी हलला ते कुणाला आठवतं? तुला आता आठवतंय असं वाटतंय." मग तो हळूहळू मुद्द्यावर आला. शेडच्या जागी पक्का हॉल मंजूर झाला होता, हॉलला दादांचं नाव देणार होते, आणि ते नाव होतं म्हणूनच मंजूर झाला होता. पुढच्या महिन्यात काम सुरू. "माझ्या पोरी पावसाळ्यात छत्री घेऊन वजन उचलतात. तू आत्ताच बोलायचं ठरवलंस?"

"मगाशी टूथपेस्टचं कोण बोलत होतं?" वहिनी म्हणाल्या. आत्याने चमकून त्यांच्याकडे बघितलं. वहिनी जमिनीकडे बघत होत्या.

दादा बोलले तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. घरात आवाज चढवायची कुणालाच सवय नव्हती, नाना चढवू द्यायचे नाहीत.

"मला माहीत होतं," दादा म्हणाले. "तुला काय वाटलं, टिकटिक? पायांना कळत नाही? ताप होता, सुरुवात वाईट झाली, साठ मीटरला मी मेलो होतो. आणि भोंगा म्हणतो, दहा पाच. मी नानांकडे बघितलं. नानांनी तुझ्याकडे बघितलं. तू हो म्हणालीस."

"मी हो म्हणाले," आत्या म्हणाली.

"मी काही म्हणालो नाही. मला कुणी विचारलंच नाही. त्या एका आकड्यावर नोकरी मिळाली, हे घर मिळालं, निवड समितीवर खुर्ची मिळाली. दर वेळी वाटायचं, कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. आणि आता तू 'नाही' म्हणणार."

"त्यालाही कुणी विचारलं नाही," आत्या म्हणाली. "त्याचा विक्रम पुसला. पुढच्या वर्षी संघात घेतला नाही, जळकुकडा म्हणून. खरं बोलत होता, तर त्याचं नाव पडलं."

धाकट्याने मान दुसरीकडे वळवली.

मग आत्याने ते सांगितलं, जे सहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. नाना शेवटचे आजारी असताना तिने त्यांच्या उशाशी बसून सगळं कबूल केलं. त्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी तिला दटावलं नाही. उशीखालून घड्याळ काढलं आणि तिच्या हातात दिलं. म्हणाले, आता बोलून पोराचं घर मोडू नकोस. पण या आकड्यासाठी त्याच्या हातात कधी कुणी मान ठेवला, तर त्या दिवशी त्या सुताराकडे जा आणि त्याला सांग. लोकांना नको. पेपरात नको. त्याला.

तिने पिशवीतून घड्याळ काढलं. निकेल उडालेलं, काच एका कडेला तडकलेली. काटा दहाच्या पुढे, आठव्या रेघेवर थांबलेला होता. नानांचा दुसरा कडक नियम होता की नोंद झाल्याशिवाय काटा शून्यावर आणायचा नाही. त्यांनी त्या दिवशी दहा पाचचीच नोंद केली, नियमाप्रमाणे. आणि हे घड्याळ खिशात घातलं. पुढची सगळी वर्षं त्यांनी नवीन घड्याळावर वेळ घेतली. जुनं का वापरत नाही असं विचारलं की म्हणायचे, त्याचं काम अजून संपलेलं नाही.

"दे इकडे," दादा म्हणाले.

तिने दिलं. दादांनी ते तळहातावर घेतलं. त्यांचा अंगठा आपोआप वरच्या बटणावर गेला, घरातल्या प्रत्येकाचा जायचा तसा. एकदा दाबलं की काटा शून्यावर. धाकटा श्वास धरून बघत होता. आतल्या उघड्या दाराशी नातीची सावली होती.

"तू हे सांगितलंस तर तुझं काय होईल, विचार केलास?" दादा म्हणाले. "पस्तीस वर्षं त्या शिडीवर बसलीस. किती पोरांच्या वेळा तुझ्या घड्याळाने ठरल्या. प्रत्येकीवर लोक बोट ठेवतील. म्हणतील, हिने भावासाठी केलं, मग आणखी कुणाकुणासाठी केलं असेल?"

याचा विचार तिने केला होता. रोज पहाटे प्रार्थनेला बसल्यावर आधी हाच विचार यायचा, देव मागून यायचा. त्या एका दिवसानंतर तिने काळ्या फळीवरून डोळा हलवला नव्हता. पाहुणे बेशुद्ध पडले, वादळाने तंबू उडाले, तरी नाही. आणि ते सिद्ध करायला तिच्याकडे काहीही नव्हतं.

"ठेवू देत बोट," ती म्हणाली.

"दाबू?" दादांनी विचारलं.

"दाब. मला आकडा पाठ आहे."

दादांचा अंगठा बटणावर होता. म्हातारा, नखाला चीर पडलेला, नानांच्या अंगठ्यासारखाच. मग त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं, बिस्किटांच्या बशीजवळ, उलटं, आणि रिमोट उचलला. निकालपत्र हललं. पडद्यावरचे दादा पायऱ्या चढले, वाकले, त्यांनी तो बिनचेहऱ्याचा माणूस दोन्ही हातांत घेतला. टाळ्या सुरू झाल्या. खुर्चीतल्या दादांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला.

आत्याने घड्याळ उचललं. कुणाचा निरोप घ्यावा असं तोंड कुणाचंच नव्हतं. धाकटा टाळ्यांच्या वरून काहीतरी म्हणाला, हॉल, पोरी, एवढंच ऐकू आलं. ती दारापाशी चपला घालत होती तेव्हा वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात आत्याची विसरलेली पिशवी होती.

"वन्सं," त्या हळू म्हणाल्या, "अर्जात विक्रमाची ओळ सर्वांत वर मी घातली. ह्यांनी तीनदा खोडायला सांगितलं होतं. तिन्ही वेळा मी पुन्हा लिहिली. मला वाटलं, लाजतात."

पंचेचाळीस वर्षांत वहिनींनी आत्याला सांगितलेली ही पहिली गोष्ट होती, जी सांगायची गरज नव्हती.

"आज रविवार आहे," वहिनी म्हणाल्या. "दुकान बंद असेल त्याचं."

"नाही, चालू आहे," आतून नातीचा आवाज आला, रडून जड झालेला. "पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे. फळ्या द्यायच्यात त्यांना."

वहिनींनी दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला. आतलं कुणी बाहेर येऊ नये म्हणून की बाहेरचं कुणी परत आत येऊ नये म्हणून, ते आत्याला कळलं नाही.

जिन्याच्या दोन मजल्यांवर दोन्ही घरांत तोच कार्यक्रम लागला होता. खाली रस्त्यावर आली तर चहाच्या दुकानात, न्हाव्याकडे, तळमजल्याच्या खिडकीत, सगळीकडे तोच. एकीकडे टाळ्या संपायच्या आणि पुढच्या खिडकीत त्या आत्ता कुठे सुरू व्हायच्या. एकच टाळी, प्रत्येक घरात थोडी थोडी उशिरा पोचणारी. न्हावी तिला बघून वस्तरा हातात धरूनच दारात आला आणि म्हणाला, अभिनंदन हं आत्या, दादांनी नाव काढलं. तिने मनात तीन मोजले, आणि हो किंवा नाही काहीच म्हणाली नाही. त्याला ते वयाचं वाटलं असावं.

सुताराचं दुकान मैदानाच्या मागच्या गल्लीत होतं. चालत वीस मिनिटं, तिच्या पायांनी तीस. या गल्लीने ती सहा वर्षं जात नव्हती, लांबच्या रस्त्याने मैदानावर जायची. तिने पिशवी खांद्याला लावली आणि घड्याळ पिशवीत न ठेवता मुठीत धरलं. काटा आठव्या रेघेवर होता. चार बोटं तिने घट्ट मिटली, अंगठा मात्र बाहेर, बटणापासून लांब ठेवला, आणि वळणावर, जिथून पुढे लाकूड कापल्याचा वास येतो, तिथे डावीकडे वळली.